मेल्विनाने न घेतलेलं नाव

टर कोव्ह या खाडीकाठच्या गावात मेल्विना पार्डीला दोन गोष्टींसाठी मान होता. एक तिची प्रार्थना आणि दुसरी तिची नजर.

प्रार्थनेचं असं, की चर्चची प्रार्थनेची साखळी तिच्यापासून सुरू व्हायची. कुणाची बोट धुक्यात अडकली, कुणाच्या छातीच्या फोटोत डाग दिसला, कुणाची सून मुलांना घेऊन माहेरी निघून गेली, की पाद्रीसाहेब पहिला फोन मेल्विनाला करत. मेल्विना हाताचं पीठ पुसायची, डोळे मिटून देवाशी दोन वाक्यं बोलायची आणि लगेच ड्रुसिलाला फोन लावायची. ड्रुसिला तिच्या पुढच्या बाईला, ती आणखी पुढच्या. चहाचं आधण उकळेपर्यंत अख्खी खाडी त्या एका माणसासाठी प्रार्थना करत बसलेली असायची. हे काम मेल्विना लग्न होऊन इथे आल्यापासून करत होती आणि देवाने आपल्याला दुसरं काही दिलं नसलं तरी हे दिलंय, असं तिला मनापासून वाटायचं.

नजरेचं असं, की नाताळानंतरच्या बारा दिवसांत आमच्याकडे सोंगं निघतात. अंधार पडला की लोक तोंडावर उशीचा अभ्रा नाहीतर पडद्याची जाळी ओढतात, पुरुष बायकांचे झगे घालतात, बायका नवऱ्याचे मासेमारीचे मेणकापडी कोट चढवतात, कुणी पाठीला उशी बांधून कुबड काढतो, आणि मग घरोघर फिरतात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. सोंग नाचतं, खोड्या काढतं, घरच्यांनी त्याला ओळखायचं. नाव बरोबर आलं की तोंडावरचं वर करायचं आणि मग सरबत, फळांचा केक, ज्या घरात चालते तिथे रमचा घोट. नाव नाही आलं तर सोंग तसंच झाकल्या तोंडाने पुढच्या घरी. मेल्विनाच्या घरातून झाकल्या तोंडाने कुणी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "तोंड कसलं बघताय, पाय बघा," ती म्हणायची. कोण टाच घासतं, कोण खुर्चीच्या कडेला टेकतं, कोण उभ्या उभ्या एका पायावर भार देतं, हे सगळं तिला पाठ होतं.

अशा या बाईला स्वतःची नात कळली नाही. किंवा कळली, तेव्हा तिने काय केलं, त्याचीच ही गोष्ट.

टेसा ही तिच्या मुलाची, लॉर्नची, एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना ही पोर म्हणजे घरातलं करमणुकीचं दुकान होती. पाद्रीसाहेब प्रवचनाआधी घसा कसा साफ करतात, फेरीबोटीवरचा माणूस नाकातून सूचना कशा देतो, आजोबा गुडघा धरून खुर्चीतून कसे उठतात, सगळ्याच्या नकला. आजोबा म्हणजे मेल्विनाचा नवरा अँब्रोझ. तो म्हणायचा, "मी गेलो तरी माझा गुडघा ही चालू ठेवील." ती मेल्विनाचीही नक्कल करायची. हातातला कप फोनसारखा कानाला लावून, भुवया उंचावून, "होय का गं बाई, होय का," असं. मेल्विना वरवर रागवायची आणि चुलीकडे तोंड करून हसायची.

मग महामारी आली.

लॉर्न देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या कामावर होता. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. गावातल्या निम्म्या बापांचं आयुष्य असंच चाललंय. पण त्या दिवसांत बाहेरून येणाऱ्याला घरच्यांपासून वेगळं राहावं लागे. लॉर्न यायचा आणि घरामागे उभ्या केलेल्या जुन्या कॅम्परमध्ये, म्हणजे सहलीच्या राहत्या गाडीत, एकटा राहायचा. टेसा मागच्या खिडकीच्या काचेला हात लावून उभी राहायची, तो तिकडून हात लावायचा. रॉक्सॅन, लॉर्नची बायको, जेवणाचं ताट पायरीवर ठेवून मागे सरायची. त्याचे मोकळे दिवस येईपर्यंत परत जायची वेळ झालेली असायची. दुकानात रॉक्सॅन दिसली की बायका पावाच्या रांगेतून वळून साबणाच्या रांगेत जायच्या. मेल्विना हे बघायची आणि तिचे कान गरम व्हायचे.

टेसाची शाळा तेव्हाच सुरू झाली. काही महिने मास्कमध्ये, काही महिने घरी पडद्यासमोर, पुन्हा मास्कमध्ये. वर्गशिक्षिकेचं हनुवटीपासून कपाळापर्यंतचं तोंड तिने पहिलं वर्षभर धड पाहिलंच नाही. कुणी शिंकलं की वर्ग मागे सरायचा. आणि पोर बोलायची कमी झाली. आधी शाळेत, मग चर्चमध्ये, मग दुकानात. शेवटी मेल्विनाकडेही. आमच्याकडे आजीला नॅन म्हणतात. तिच्या तोंडून "नॅन" ऐकून मेल्विनाला दीड वर्ष झालं होतं. हात मात्र धूत राहायची, बोटांच्या पेरांना भेगा पडेपर्यंत. आपल्या कपाला कुणी हात लावला तर तो कप पुन्हा घ्यायची नाही. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं.

दुसरीत गेली तोवर मास्क गेले, कॅम्परही विकला गेला. टेसाचं तोंड काही उघडलं नाही. घरात आईच्या कानाशी कुजबुजायची, तेवढंच. शाळेतल्या मिस कीपिंग एकदा मेल्विनाला पोस्टाबाहेर भेटल्या. "हट्टी नाहीये हो ती. घाबरलेली आहे. माझ्या वर्गात सगळ्यांचंच काही ना काही झालंय. एक आईचा कोट सोडत नाही, एक जरा हरला की पेन्सिली मोडतो, दोघी सारख्या विचारतात मी आजारी दिसते का. ही गप्प बसते. जरा वेळ द्या."

"आमच्या लहानपणी क्षयाने घरंच्या घरं बसली," मेल्विना म्हणाली. "आम्ही नाही गप्प बसलो."

तिला पोरीचा राग येत होता असं नाही. तिला हवं होतं ते एकच: टेसाने पुन्हा तिला नॅन म्हणावं. पण ते हवंसं वाटणं आणि लोक काय म्हणतील हे वाटणं, ही दोन्ही तिच्या पोटात एकाच जागी राहत होती, आणि कुठलं कधी तोंडातून बाहेर पडेल याचा तिलाच भरवसा नव्हता.

रॉक्सॅन मासळीच्या कारखान्यात कामाला जायची, म्हणून शाळा सुटल्यावर टेसा आजीकडे. येऊन ती स्वयंपाकघरातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. प्रत्येक जुन्या घरात चुलीजवळ असा एक पलंग असतो. मेल्विनाच्या पलंगाच्या वरच, भिंतीला, फोन होता.

"ड्रुसिला, आमच्या टेसासाठी जरा जास्त जोर लाव गं," मेल्विना म्हणायची.

"का, आता काय झालं?"

"काय व्हायचंय. काल पुन्हा अंथरूण. सात वर्षांची घोडी. रॉक्सॅन म्हणते कुणाला बोलू नका, पण देवापासून काय लपवायचं."

"देवाला ठाऊकच असणार," ड्रुसिला म्हणायची. "तू मला सांग."

मग मेल्विना सांगायची. पार्डींच्या घरात असं कुणी नव्हतं, आईकडूनच आलं असणार, उद्या हिचं लग्न कसं व्हायचं. बोलून झालं की हलकं वाटायचं. ते हलकं वाटणं म्हणजेच देवाने ऐकलं, अशी तिची समजूत होती.

"ऐकत नाही ना गं पोरगी?" ड्रुसिलाने एकदा विचारलं.

"झोपलीय. इथंच आहे." आणि फोन ठेवून तिने टेसाच्या खांद्यावर विणलेली शाल सारखी केली.

त्या वर्षीच्या नाताळात सोंगं पुन्हा निघाली. आधीचे दोन्ही नाताळ गावात एक सोंग फिरलं नव्हतं. तोंड झाकायची सगळ्यांनाच शिसारी आली होती. लॉर्नला सुट्टी मिळाली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मेल्विनाकडे ड्रुसिला, तिचा नवरा आणि साखळीतल्या आणखी दोघीजणी चहाला आल्या होत्या. चूल धगधगत होती, टेबलावर केक कापायचा होता. तेवढ्यात दारावर काठी आपटली आणि बाहेरून घोगरा आवाज आला, "सोंगांना आत घेता का?"

"या या," अँब्रोझ म्हणाला. "बर्फ पुसून या, नाहीतर ही मला पुसायला लावेल."

दोन सोंगं आत आली. एक उंच, मेणकापडी कोटातलं, पाठीला कुबड. एक छोटं, घोट्यापर्यंत पोचणारा पुरुषी शर्ट, हातात जाड विणलेले मोजे, डोक्यावर अभ्रा आणि तोंडावर पडद्याची जाळी. उंच सोंगाने अँब्रोझला ओढून नाचायला लावलं. अँब्रोझचा गुडघा करकरला, सगळे हसले. मेल्विनाने उंच सोंगाचं मनगट बघितलं, कोट सावरायची लकब बघितली आणि मनात म्हणाली, रॉक्सॅन. पण लगेच बोलायचं नसतं, मजा जाते.

छोटं सोंग नाचलं नाही. ते पलंगावर चढलं, भिंतीवरचा फोन त्याने काढला आणि कानाला लावला. दुसरा हात पोटावर पुसला, पीठ पुसतात तसा.

"ड्रुसिला का?" ते म्हणालं. सुरुवातीचे शब्द श्वास आत ओढून होते. मग तेही सुटलं आणि सरळ मेल्विनाचा आवाज आला, हुबेहूब, तोच थांबा, तोच उसासा. "मी मेल्विना. थांब हं, आधी प्रार्थना करते. प्रभो, आम्हां सर्वांवर दया कर. झालं. आता ऐक."

स्वयंपाकघरात हशा उसळला. तिथल्या प्रत्येक बाईला तो फोन आलेला होता. ड्रुसिला मांडीवर हात मारून हसली, तिचा नवरा खोकायला लागला. मेल्विनाही हसली. कुणाचं गं हे गुणी पोर, असं म्हणत तिने सवयीने पायांकडे बघितलं. जांभळे बूट. नोव्हेंबरात तिनेच घेऊन दिलेले.

पहिल्यांदा जे झालं तो नुसता आनंद होता. टेसा बोलतेय, माझ्या घरात, सगळ्यांसमोर बोलतेय. देवाने साखळीचं ऐकलं.

"पोरगी बिघडली गं," छोटं सोंग फोनमध्ये म्हणालं. "काल पुन्हा अंथरूण. सात वर्षांची घोडी. रॉक्सॅन म्हणते कुणाला बोलू नका."

काहीजण अजून हसत होते, काही थांबले होते, आणि मग कुणीच हसेना.

"पार्डींच्या घरात असं कुणी नव्हतं. आईकडूनच आलं असणार. नाही गं, ऐकत नाही. झोपलीय, इथंच."

सोंगाने फोन जागेवर ठेवला. पलंगावरून उतरलं. मग समोर कुणी लहान पोर उभं असावं तसं ते वाकलं आणि हळू, गोड, दटावणीच्या आवाजात म्हणालं, "आणि हे बघ बाळ, बाबा आलेत हे शाळेत बोलायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. तू बोललीस तर लोक आपल्याला जवळ करणार नाहीत, आणि नॅनला चर्चमध्ये तोंड दाखवता येणार नाही. तोंड शिवून टाकायचं. अस्सं." आणि मोज्यातला हात जाळीवरून, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत, टाका घालत गेला.

हे मेल्विना विसरून गेली होती. आता तिला ते शाळेचं फाटक आठवलं, थंडीचा पहिला आठवडा, पाठीवर नवं दप्तर घेतलेली पाच वर्षांची पोर, आणि स्वतःचं बोट त्या पोरीच्या ओठांवरून फिरताना. तेव्हा टेसा हसली होती. खेळ समजली होती. मग तिने तो खेळ नीट खेळला, इतका नीट, की सांगणारीच विसरली.

अखेर साखळीतली एकजण, सवयीने, म्हणाली, "मेल्विना, ओळख ना मग. कोण आहे?"

तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं कोण आहे. पण नाव घेईपर्यंत सोंग हे कुणीच नसतं, आमच्याकडे हे पक्कं आहे. नाव घेतलं असतं तर जाळी वर गेली असती, आणि त्या जाळीखालचं तोंड मेल्विनाला सगळ्यांसमोर बघावं लागलं असतं. जिच्या अंथरुणाची बातमी तिने घरोघर पोचवली, तीच पोर त्या घरांच्या बायकांसमोर उभी, आणि बोलायला कुणी बंद केलं तेही आता उघडं. तिने ओठ उघडले. टेसा, असं म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा.

"कोरी," ती म्हणाली. "ड्रुसिलाचा नातू."

ड्रुसिलाने कपातल्या चहाकडे बघितलं. "कोरीला ताप आहे," ती हळू म्हणाली. "घरी झोपलाय."

छोट्या सोंगाने मान हलवली, नाही. आणि ते थांबलं. चुकलेलं नाव पुन्हा घेता येतं, सोंग थांबतं त्यासाठी. ते हात खाली सोडून, जाळीआड, थांबलं.

मेल्विना वळली आणि केक कापू लागली. सुरी ताटलीला लागून आवाज झाला.

उंच सोंगाने मोज्यातला हात धरला. दोघं सरबत न घेता, तोंडं झाकलेलीच, निघून गेली. त्यांच्या बुटांचं पाणी फरशीवर राहिलं.

पाहुण्यांनी केक खाल्ला, कारण कापला होता. मग एकेकाला घरी काहीतरी काम आठवलं. सगळे गेल्यावर अँब्रोझ कप विसळायला उभा राहिला. हे तो कधी करत नसे.

"पायांकडे बघितलंस?" त्याने विचारलं.

"बघितलं."

तो पुढचा कप विसळू लागला. मेल्विनाला वाटलं, त्याने पुढे विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फरशीवरचं पाणी पुसलं, पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

शनिवारी सकाळी ड्रुसिलाचा फोन आला. "काल मजा आली हं," ती म्हणाली. "हे बघ मेल्विना, मी काही पुढे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे साखळीत सांगितलं तेवढंच."

"तेवढंच," मेल्विना म्हणाली.

"तू तरी मुद्दाम थोडंच केलंस. प्रार्थनेसाठीच केलंस ना."

मेल्विनाने फोन ठेवून दिला, कारण आत्ता खोटं बोलायला तिला जमलं नसतं आणि खरं बोलायला त्याहून जमलं नसतं. दिवसभर ती प्रार्थनेला बसायची आणि पहिल्या वाक्याला अडायची. देवापुढे जे म्हणायचं ते तिला त्या छोट्या, हुबेहूब आवाजात ऐकू यायचं. प्रभो, आम्हां सर्वांवर दया कर. झालं. आता ऐक.

संध्याकाळपर्यंत तिने ठरवलं. रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला देवाने काही दाखवलं त्याने उभं राहून सांगायचं. आपण उभं राहायचं. सगळं सांगायचं, फोनचं, फाटकाचं, कोरीचं नाव घेतल्याचं. गावासमोर केलं ते गावासमोर फेडायचं. तिने आरशासमोर शब्द लावले. दोन ठिकाणी रडू आलं. तिथे रडू येऊ द्यायचं, असंही तिने ठरवलं, आणि ते ठरवताना आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

रविवारी ती उभी राहिली. "प्रभूने मला या आठवड्यात माझी चूक दाखवली," ती म्हणाली. "माझ्या नातीला, तुम्हाला माहीत आहे, गेली दोन-तीन वर्षं..."

तिने मान वर केली. बायका पुढे झुकल्या होत्या. ड्रुसिलाचे ओठ किंचित उघडे होते, बातमी झेलायला. आणि मागून तिसऱ्या बाकावर, रॉक्सॅनच्या शेजारी, टेसाची मान हळूहळू कोटाच्या कॉलरमध्ये चालली होती. नाक गेलं, डोळे गेले, केसांचा भांग तेवढा दिसत राहिला.

मेल्विना तशीच उभी राहिली. तिला कळलं, की ती पुन्हा फोनच लावत होती. या वेळी सगळ्यांना एकदमच.

पाद्रीसाहेबांनी घसा साफ केला. "बोला ताई."

"मला काही सांगायचं नाही," मेल्विना म्हणाली, आणि बसली. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत जे पेटलं ते शेवटच्या गीतापर्यंत विझलं नाही. इतक्या वर्षांत त्या चर्चमध्ये तिला बोलायला काही नाही, असं कधी झालं नव्हतं.

बाहेर कोट चढवताना ड्रुसिलाने तिचं कोपर धरलं. "बरं वाटत नाही का गं? साखळीत टाकू?"

"टाक," मेल्विना म्हणाली. "म्हणावं, मेल्विनाचं तोंड फार चालतं, ते जरा बंद पडू दे."

ड्रुसिला हसली नाही. तिने कोपर सोडलं.

रविवारचं जेवण सगळं कुटुंब मेल्विनाकडे जेवतं. खारवलेलं बीफ, कोबी, सलगम, कापडात उकडलेलं वाटाण्याचं पुडिंग. त्या रविवारी रॉक्सॅन आणि टेसा आल्या नाहीत. अँब्रोझ पातेल्याकडे बघत म्हणाला, "नेऊन दे की."

तिने वाडगा भरला, वर कापड बांधलं, बूट चढवले. दारापर्यंत गेली आणि परत येऊन वाडगा टेबलावर ठेवला. पुडिंग टेसाला आवडायचं. ते हातात घेऊन गेलं असतं तर पोरीला आधी वाडगा घ्यावा लागला असता, मग मागचं सगळं गिळावं लागलं असतं. मेल्विना रिकाम्या हाताने निघाली.

गावात दार कुणी वाजवत नाही, ढकलून आत जातात. लॉर्नच्या दारापाशी तिचा हात मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने, आयुष्यात पहिल्यांदा, मुलाच्या घराचं दार वाजवलं आणि वाट बघत उभी राहिली.

दार टेसाने उघडलं. आतून रॉक्सॅनने वाकून बघितलं, सासू दिसल्यावर ती पुढे आली नाही. भांडी आवरत राहिली, पण आता आवाज न करता.

"परवा तू आली होतीस," मेल्विना म्हणाली. "ते सोंग तू होतीस. मी बूट बघितले तेव्हाच ओळखलं. आणि मी कोरीचं नाव घेतलं. ते खोटं होतं."

टेसा आजीच्या बुटांकडे बघत होती.

"आणि फोनवर मी जे बोलायचे ते बोलायला नको होतं. फाटकाशी तुला जे सांगितलं, ते तर नकोच होतं. तुझा बाबा घरी आला होता, त्यात लपवायचं काही नव्हतं." तिला वाटलं होतं इथे रडू येईल. आलं नाही. "तुला बोलायचं नसलं तर नको बोलूस. मी उत्तराला आले नाही."

मग टेसा म्हणाली, अगदी बारीक आवाजात, पण नक्कल नव्हती ती, तिचा स्वतःचा आवाज होता, दीड वर्षात वाढलेला, मेल्विनाने कधी न ऐकलेला:

"मग नाव का नाही घेतलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

नाही गं राणी, असं मेल्विनाच्या ओठावर आलं होतं. तेच म्हणायचं असतं मुलांना. पण तिच्यासमोर जी उभी होती तिने पलंगावर पडून सगळं ऐकलेलं होतं, आणि तिच्याकडून काही लपणार नव्हतं.

"आधी तुझी," मेल्विना म्हणाली. "कितीतरी दिवस तुझीच. परवा तू फोन ठेवलास, तेव्हापासून माझी."

टेसाने ते ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. असं काही न दिसू देणं ती या वर्षांत शिकली होती, आणि ते बघताना मेल्विनाला वाटलं, हे शिकवायलाही आपला हात लागला. पोरीने एकदा आईकडे मान वळवून बघितलं. मग ती वळली आणि आत चालू लागली. दार उघडंच होतं. बर्फाची भुरभुर उंबऱ्यावरून आत जात होती. आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं, जा असंही नाही. मेल्विना पायरीवर उभी राहिली, हात कुठे ठेवावे हे न कळून.

"दार लाव," आतून टेसा म्हणाली. "थंडी येतेय."

कुठल्या बाजूने लावायचं, ते तिने सांगितलं नाही. मेल्विनाने क्षणभर विचार केला. मग ती एक पाऊल आत आली, दार आपल्या पाठीमागे लावलं, आणि पायपुसण्यावरच, बूट न काढता, कोट न काढता, कुणीतरी बस म्हणेपर्यंत उभी राहिली.